फक्त १५ सेंटिमीटर!

डिसेंबर उजाडला की प्रत्येक ऑफिसात एक ओळखीचा सीन सुरू होतो. एच.आर.चा मेल येतो, ‘उरलेल्या सुट्ट्या ३१ तारखेच्या आत घ्या, नाहीतर लॅप्स.’ मग एक्सेल शीट उघडली जाते. ख्रिसमसला कोण जाणार, थर्टी फर्स्टला कोण, कोणाची आत्तेबहीण नेमकी २७ला बोहल्यावर चढतेय, सगळ्याचा हिशेब. आधी तारीख, मग मजा. आपला आनंद असा कॅलेंडरवर टाचणीनं टोचून ठेवलेला असतो.

आता एक इव्हेंट इमॅजिन करा. देशातला सगळ्यात लाडका. पण त्याची तारीख कोणालाच माहीत नाही. यंदा होणार की नाही, तेही माहीत नाही. झालाच तर जेमतेम दोन दिवस आधी कळणार. आणि शेवटचा झाला होता तो थेट १९९७ साली! तरीसुद्धा तीसेक हजार माणसं त्याची मेंबरशिप जिवापाड जपून बसली आहेत. येडेच म्हणायचे ना? मला मात्र ही मंडळी जाम आवडतात. आजचा कॉलम त्यांच्या नावानं.

विंटर स्पोर्ट्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्वित्झर्लंडचे डोंगर, रंगीत जॅकेटं, आणि त्या थंडीत शिफॉनची साडी नेसून गाणं म्हणणारी हिरॉइन. खरं तर या खेळांचा फंडा अगदी साधा आहे. ज्या गावात जसा हिवाळा, तसा तिथला खेळ. नॉर्वेत बर्फात गावोगाव फिरायचं तर पायाला लाकडी फळ्या बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यातून स्कीइंग आलं. ऑस्लोजवळच्या होल्मेनकोलेनला १८९२ पासून स्कीच्या स्पर्धा होतात आणि हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासात सर्वांत जास्त मेडल्स नॉर्वेच्याच नावावर आहेत. स्कॉटलंडमध्ये तळी गोठली की लोक जड दगड बर्फावरून सरकवत बसायचे, ते झालं कर्लिंग. ऑलिम्पिकमधल्या त्या दगडांचा ग्रॅनाइट आजही एल्सा क्रेग नावाच्या एका चिमुकल्या स्कॉटिश बेटावरून येतो. कॅनडानं तर १९९४ मध्ये कायदाच करून आइस हॉकीला ‘राष्ट्रीय हिवाळी खेळ’ करून टाकलं.

आणि नेदरलँड्स? तिथे डोंगर नाहीत. सगळा देश पोळपाटासारखा सपाट. पण पाणी म्हणाल तर जिकडेतिकडे. कालवे, तळी, ओढे, खंदक. कडाक्याची थंडी पडली की हे सगळं गोठायचं आणि गावागावांत रातोरात गुळगुळीत रस्ते तयार व्हायचे. शाळा, बाजार, सासर-माहेर, सगळीकडे स्केट्सवर. १७व्या शतकातल्या हेंड्रिक आव्हरकाम्पची चित्रं बघा. अख्खं गाव बर्फावर उतरलेलं दिसतं. कोणी घसरतंय, कोणी गप्पा मारतंय, कोणी लाइन मारतंय. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा वीकएण्डच!

या देशाच्या उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती. भाषा वेगळी, फ्रीजियन. आणि तिचा अभिमानही कडक. या प्रांतात ११ जुनी शहरं आहेत. शहरं म्हणायची म्हणून. त्यातलं स्लोटेन तर आपल्या एखाद्या हाउसिंग कॉम्प्लेक्सपेक्षाही लहान असेल. ही अकराही कालव्यांनी आणि तळ्यांनी एकमेकांना जोडलेली. लेवार्डेनहून निघायचं, स्नेक, आइल्स्ट, स्लोटेन, स्टावोरेन, हिंडेलोपेन, वोर्कुम, बोल्सवार्ड, हार्लिंगेन, फ्रानेकर, डोक्कुम करत परत लेवार्डेनला यायचं. अंतर जवळपास २०० किलोमीटर. एका दिवसात. पायात स्केट्स. हीच ती ‘एल्फस्टेडेनटोख्त’, म्हणजे अकरा शहरांची फेरी.

नाव उच्चारताना जीभ अडखळली असेल तर टेन्शन घेऊ नका, अंतर ऐकून पायही अडखळतात. पहाटेच्या काळोखात निघायचं आणि रात्री बाराच्या आत पोहोचायचं. वाटेत प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. सगळे शिक्के जमले की मिळतो एक छोटासा क्रॉस. बक्षीस एवढंच. पण त्या क्रॉसची तिकडे काय वट आहे, काय सांगू! त्यात निघणाऱ्यांपैकी काही शे जण रेस करतात. बाकीचे हजारो जण तुमच्या-आमच्यासारखे नोकरदार, शेतकरी, मास्तर, नर्स. त्यांना कोणाला हरवायचं नसतं. पोहोचायचं असतं.

अधिकृत फेरी पहिल्यांदा झाली ती २ जानेवारी १९०९ला. मिन्ने हूकस्ट्रा नावाचा तरुण जवळपास १४ तासांत पहिला आला. आयोजन करणारी संस्थाही त्याच महिन्यात स्थापन झाली आणि आजही तीच सगळं बघते. तेव्हापासून आजपर्यंत ही फेरी किती वेळा झाली असेल? फक्त १५ वेळा.

कारण यांचा नियम. संपूर्ण वाटेवर बर्फाची जाडी किमान १५ सेंटिमीटर हवी. साधी शाळेतली फूटपट्टी घ्या, तिचा अर्धा भाग. एवढंच. पण तेवढा बर्फ २०० किलोमीटरभर सलग हवा, आणि गोची तिथेच होते. नुसती थंडी पडून चालत नाही. वारा सुटला की पाणी हलत राहतं आणि गोठत नाही. बर्फावर हिम पडलं तर आणखी वांधे. हिमाचा थर गोधडीसारखा काम करतो, वरची थंडी खाली पोहोचूच देत नाही. पुलांखाली बर्फ नेहमीच कच्चा. म्हणून वाटेचे २२ विभाग पाडलेत आणि प्रत्येकाला एक प्रमुख. हे लोक ड्रिल घेऊन बर्फाला भोकं पाडतात आणि जाडी मोजतात. एरवी कोणी ओळखत नाही त्यांना. पण थंडीची लाट आली की टीव्हीचे कॅमेरे त्यांच्यामागे असे धावतात, की आपल्याकडचे पापाराझी लाजतील.

जिथे बर्फ अगदीच पातळ असेल तिथे दुसरीकडचे बर्फाचे तुकडे आणून ठिगळ लावतात. त्याला चक्क ‘ट्रान्सप्लांट’ म्हणतात! आणि तेही जमलं नाही तर काठावर गालिचे अंथरतात. स्केटर्स कालव्यातून बाहेर येतात, स्केट्स घातलेल्या पायांनी गालिच्यावरून तुरुतुरु चालतात आणि पुढे परत बर्फावर उतरतात. या चालण्याला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘क्लूनेन’. ज्या भाषेत स्केट्स घालून जमिनीवर चालण्यासाठी वेगळं क्रियापद आहे, तिथे हा खेळ किती मुरलाय ते वेगळं सांगायला नको.

आता थोड्या स्टोऱ्या. १९५६ साली आघाडीवरचे पाच जण रेस लावायचं सोडून हातात हात घालून फिनिश लाइनवर आले. आयोजकांचं डोकं फिरलं. त्यांनी कोणालाच विजेता घोषित केलं नाही. माझ्या मते ही जगातली सगळ्यात क्यूट डिसक्वालिफिकेशन आहे.

मग आलं १९६३. १८ जानेवारी. पहाटे पारा उणे १८. अंगात आरपार घुसणारा पूर्वेचा वारा, वाटेवर हिमाचे ढीग, फुटलेला बर्फ. जवळपास दहा हजार जण निघाले. शेवटपर्यंत पोहोचले त्यांची संख्या दीडशेही नव्हती. रेनिअर पापिंग ११ तासांना एखादा मिनिट कमी असताना पोहोचला आणि त्याच्या मागचा माणूस यायला वीसेक मिनिटं गेली. ती फेरी आजही ‘६३चा नरक’ म्हणून ओळखली जाते. पापिंग २०२१च्या डिसेंबरमध्ये वारला, वयाच्या नव्वदीत. जिंकल्यानंतर तब्बल ५८ वर्षं तो डच लोकांचा हीरो होता. त्या एका दिवसासाठी.

त्यानंतर सलग २२ वर्षं काहीच नाही. एक अख्खी पिढी फक्त बापाच्या गोष्टी ऐकत वाढली. आणि मग १९८५ला झाली, लगेच १९८६लाही! दोन्ही वेळेला जिंकला एवर्ट व्हान बेंथेम नावाचा शेतकरी. ८६च्या गर्दीत ‘डब्ल्यू. ए. व्हान बुरेन’ नावाचा एक तरुणही होता. हे खोटं नाव घेऊन उतरला होता देशाचा युवराज विलेम-अलेक्झांडर. आज तो नेदरलँड्सचा राजा आहे. मुकुट वंशपरंपरेनं मिळाला, पण तो छोटा क्रॉस त्याला २०० किलोमीटर घसटूनच कमवावा लागला.

४ जानेवारी १९९७ला पुन्हा योग आला. दोन दिवस आधी संस्थेचे अध्यक्ष हेंक क्रूस पत्रकारांसमोर बसले आणि फ्रीजियन भाषेत तीन शब्द बोलले, ‘इट गिएट ओअन’. म्हणजे ‘होतंय!’. त्या तीन शब्दांनी देश अक्षरशः वेडा झाला. १६ हजारांहून जास्त लोक बर्फावर उतरले. पहिला आला हेंक आंगेनेंट, धंदा ब्रसेल्स स्प्राउट्सची शेती. वेळ सात तासांच्या आत.

नंतर? नंतर आजपर्यंत काही नाही.

थोडं गणित करू. १९०९ ते १९६३ या ५५ हिवाळ्यांत ही फेरी १२ वेळा झाली. त्यानंतरच्या साठाहून जास्त वर्षांत फक्त तीनदा. हिवाळे गरम होत चाललेत, हे सांगायला आता शास्त्रज्ञाची गरज उरलेली नाही. २०१२च्या फेब्रुवारीत सगळ्यांना वाटलं, आली! शेकडो लोक झाडू घेऊन बर्फावर उतरले, का तर वरचं हिम साफ झालं तर खालचा बर्फ जाड होईल. मैलोन्‌मैल झाडून काढलं. आणि ८ तारखेला संध्याकाळी अध्यक्ष वीबे वीलिंग यांनी सांगितलं, नाही. दक्षिणेकडच्या भागात बर्फ पातळ आहे. झाडू गेले परत घरात.

माझी एक कॉलेजची मैत्रीण अ‍ॅमस्टेलवीनला असते. आय.टी.त, अर्थातच. २०२१च्या फेब्रुवारीत तिकडे थंडीची लाट आली तेव्हा कोविडचा लॉकडाऊन, रात्री नऊनंतर कर्फ्यू. संस्थेनं सांगून टाकलं होतं की बर्फ जमला तरी यंदा फेरी नाही. पण तळ्यांना आणि कालव्यांना कोण अडवणार? पाणी गोठलं आणि लोक बाहेर पडले. तिनं मला व्हिडिओ कॉल लावला. मागे हे एवढे लोक! छोटी पोरं किचनमधली खुर्ची पुढे ढकलत ढकलत स्केटिंग शिकत होती. तिकडे सगळे असेच शिकतात म्हणे. आणि आमच्या बाईसाहेबसुद्धा, वय वर्षं २७, हातात आय.के.ई.ए.ची खुर्ची! मध्येच ती म्हणाली, ‘गप्प बस, ऐक.’ फोन खाली बर्फाजवळ नेला. लांबून कोणी तरी तार छेडावी तसा आवाज येत होता. पातळ बर्फ माणसाच्या वजनानं वाकतो तेव्हा असा गातो. मी पुण्यात पंख्याखाली बसून तो आवाज ऐकत होते. अंगावर काटा आला.

खरी गंमत तिच्या शेजारच्या आजोबांची. त्यांच्याकडे ८६चा क्रॉस आहे. भिंतीवर वगैरे नाही, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. दर नोव्हेंबरला ते आपल्या स्केट्सना धार लावून आणतात. दर वर्षी. बर्फ जमो, न जमो. मैत्रिणीनं एकदा विचारलं, ‘आजोबा, बर्फ तर पडत नाही, मग कशाला?’ तर म्हणाले, ‘उद्या जाहीर झालं तर दुकानात केवढी रांग लागेल!’

आता तुम्ही म्हणाल, एवढी हौस आहे तर दुसरीकडे जा की. जातात ना! १९८९ पासून हजारो डच लोक दर जानेवारीत गाड्या काढून ऑस्ट्रियातल्या वाइसेनझे तलावावर जातात. तिथे बर्फ पुरेसा जाड असतो. तलावावर गोल गोल चकरा मारून २०० किलोमीटर पूर्ण करतात. फ्रीसलंडमध्येच हेरेनफेनला टिआल्फ नावाचं मोठं इनडोअर स्टेडियम आहे, बर्फ कृत्रिम, टेम्परेचर कंट्रोल्ड. त्याचा फायदाही दिसतो. २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगच्या ३६ मेडल्सपैकी २३ एकट्या नेदरलँड्सनं नेली. हेरेनफेनच्याच स्वेन क्रामरनं २०१०, २०१४ आणि २०१८ अशी सलग तीन ऑलिम्पिकं ५,००० मीटरचं गोल्ड मारलं. म्हणजे छताखाली हा देश जगाचा बाप आहे. पण उघड्या आभाळाखाली त्याच लोकांना स्वतःच्या कालव्यावर स्केटिंग करायला मिळत नाही.

तसं पाहिलं तर आज पैसा फेकला की हिवाळा विकत मिळतो. दुबईच्या मॉलमध्ये २००५ पासून स्कीइंग करता येतं. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमधला जवळपास सगळा बर्फ मशीननं बनवलेला होता. मग फ्रीसलंडवाल्यांनाच काय झालंय? १५चे १० सेंटिमीटर करा. २०० किलोमीटरचे ५० करा. स्पॉन्सर तर रांगेत उभे राहतील. पण नाही म्हणजे नाही. अकरा शहरं म्हणजे अकरा, आणि १५ सेंटिमीटर म्हणजे १५. हजारो माणसं एकाच वेळी बर्फावर असताना तो फुटला तर काय, हे ज्यांना कळतं त्यांनी घातलेला नियम आहे तो.

मला विचाराल तर याच अडेलतट्टूपणासाठी मी यांची फॅन आहे. पिझ्झा तीस मिनिटांत, सिनेमा एका क्लिकवर, लग्नाचं स्थळसुद्धा अंगठ्याच्या एका झटक्यात, अशा जमान्यात ही माणसं म्हणतात, जे स्वतःहून येईल तेच खरं. ते येईपर्यंत धार लावून ठेवायची, व्यायाम करायचा, मेंबरशिप भरायची. आणि नाहीच आलं तर? हा प्रश्न आता खराखुरा झालाय. ९७ला जे विशीत होते ते आता पन्नाशीला टेकले. त्यांची मुलं क्रॉस बघतात ते ड्रॉवरमध्येच. एखादी गोष्ट एवढ्या लोकांना येत असावी, करायची असावी, पायात ताकदही असावी, आणि फक्त थंडीच नसावी, ही हळहळ नवीन आहे. आपल्या आजी-आजोबांना ती ठाऊक नव्हती. आपल्या पिढीला बहुतेक सवयीची होणार.

तोवर फ्रीसलंडवाले हातावर हात धरून बसलेत असं समजू नका. त्याच अकरा शहरांची सायकल फेरी दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर होते, १५ हजार जण पेडल मारतात. २०१९च्या जूनमध्ये तर मार्टेन व्हान डर वायडेन नावाच्या पठ्ठ्यानं ही वाट चक्क पोहून पूर्ण केली! हा माणूस आधी ल्युकेमियातून वाचला, मग २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खुल्या पाण्यातल्या १० किलोमीटर शर्यतीचं गोल्ड जिंकला. आदल्या वर्षी, २०१८ला, १६३ किलोमीटरनंतर त्याला पाण्याबाहेर काढावं लागलं होतं. हा पुढच्या उन्हाळ्यात परत हजर. वाट गोठत नाही ना, मग पोहून जाऊ. आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी लाखो युरो जमवून दाखवले ते वेगळेच.

तर मंडळी, ऑनसाइटच्या निमित्तानं म्हणा किंवा हनिमूनच्या, कधी जानेवारीत त्या बाजूला गेलात तर अ‍ॅमस्टरडॅमचे ठरलेले फोटो काढून झाले की एक दिवस फ्रीसलंडला द्या. टिआल्फमध्ये स्केट्स भाड्यानं मिळतात, एकदा धडपडून बघा. बाहेर येऊन वाटाण्याचं दाट सूप प्या. चमचा उभा राहील इतकं दाट, थंडीत झकास लागतं. मग बार्टलेहिमचा तो चिमुकला लाकडी पूल गाठा. डोक्कुमला जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा स्केटर्स या पुलापाशी येतात आणि १९९७ला हजारो लोक इथे चिअर करत उभे होते. तुम्ही जाल तेव्हा खाली बहुतेक पाणीच असेल आणि त्यात बदकं.

पण पाणी नसेल आणि बर्फ असेल, तर वेळ न घालवता मला फोन करा. आपण फ्रीलान्सर. आपली रजा कायम मंजूर!